खड्ड्याभोवतीची रांगोळी

बसवनगुडीतली जागा बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला नोकरी कुठे, पगार किती, मांस-मच्छी खातेस का, यातलं काहीच विचारलं नाही. वेताच्या खुर्चीत बसवलं, स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली आणि म्हणाल्या, "समज, तू वरच्या मजल्यावर राहतेस. सकाळी नळाला पाणी नाही. तू नळ उघडून बघितलास, बंद करायचा राहिला आणि ऑफिसला गेलीस. दुपारी पाणी आलं. माझं खालचं छत गळालं. चूक कुणाची?"

मी नागपूरहून नुकतीच आलेली. जागा बघून बघून कंटाळले होते. म्हटलं, "नळ माझ्या ताब्यातला, म्हणून चूक माझी. पण तुम्ही घरात असाल आणि छत गळताना नुसत्या बघत बसला असाल, तर थोडी तुमचीही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरची किल्ली पुढे सरकवली.

पुढे कळलं की हा प्रश्न त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. माझ्याआधी आलेल्या एका मुलाने "चूक पाणी सोडणाऱ्यांची" असं उत्तर दिलं होतं. त्याला कॉफी मिळाली, जागा मिळाली नाही.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. मूळच्या निपाणीच्या. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि भांडताना दोन्ही. बंगळूरच्या एका लॉ कॉलेजात त्यांनी उभी हयात एकच विषय शिकवला होता: अपकृत्य. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, काहीतरी भयंकर काम असणार. अक्कांनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं.

"खून, चोरी झाली तर सरकार मध्ये पडतं," त्या म्हणाल्या. "करार असेल तर दोघांनी आधी काहीतरी ठरवलेलं असतं. पण तुझी कुंडी माझ्या डोक्यावर पडली तर? तू मला मारायला टाकली नाहीस. कुंडी पाडायची नाही असा आपला कागदही झाला नव्हता. तरी माझं डोकं फुटलं की. मग त्याचं काय करायचं? ते सगळं अपकृत्य."

उदाहरण कुंडीचं होतं, कारण मी गच्चीच्या कठड्यावर कुंड्या मांडल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्या खाली उतरवाव्या लागल्या. मी म्हटलं, "अक्का, एकही पडलेली नाही अजून."

"पडल्यावर तर कुणालाही कळतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे एक काम होतं. बाकीच्या बायका दुकानातल्या साड्या बघायच्या. अक्का वर बघायच्या, खाली बघायच्या, लोंबणाऱ्या वायरी, निखळलेल्या पाट्या, ओल्या पायऱ्या बघायच्या. एकदा एका लग्नात मी त्यांना सोबत घेऊन गेले. वधूवर स्टेजवर होते आणि अक्का जेवणाच्या हॉलच्या दाराशी उभ्या राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "स्वल्प सांभाळून, इथे रसम सांडलंय." शेवटी वाढप्याने कंटाळून फडकं मारलं, तेव्हा त्या जेवायला बसल्या.

आमच्या कोपऱ्यावर एक जुनं इडलीचं दुकान होतं. समोर नवीन दुकान उघडलं आणि जुन्याचं गिऱ्हाईक निम्मं तिकडे गेलं. मालक अक्कांकडे तक्रार घेऊन आला, कायद्याने काही करता येईल का म्हणून. अक्कांनी त्याला समजावलं, की नुकसान होणं वेगळं आणि अन्याय होणं वेगळं. समोरच्याने चांगली इडली करून तुझं गिऱ्हाईक नेलं तर तुझं नुकसान आहे, पण त्याने तुझा हक्क मोडलेला नाही. उलट, कुणी नुसतं तुझ्या अंगणात न विचारता पाऊल टाकलं, तर गवताची काडीही मोडली नसली तरी हक्क मोडला. मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, म्हणजे मी चटणी सुधारायची, एवढंच ना?" अक्का म्हणाल्या, "सरी." म्हणजे बरोबर.

त्यांची एक सवय मात्र लोकांना खटकायची. त्या कधी 'सॉरी' म्हणत नसत. देवळाच्या रांगेत कुणाच्या पायावर पाय पडला तर वाकून विचारत, "कुठे लागलं? बोट हलतंय का?" पण माफी नाही. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर पोरांना शिकवलं, अशिलाला घाईने चूक कबूल करू देऊ नका. आधी काय झालं ते बघा. आता जीभ वळतच नाही."

आता त्या रांगोळीबद्दल सांगते.

आमच्या गल्लीतला फुटपाथ दगडी लाद्यांचा होता आणि लाद्यांखालून गटार. कुणीतरी कसलीशी वायर टाकायला एक लादी उचलली आणि परत बसवताना ती तिरकी ठेवून निघून गेलं. एका बाजूला पाय जाईल एवढी फट राहिली. अक्कांनी फोन केले, अर्ज दिले. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने पहिलीकडे. तेव्हा अक्का सकाळी अंगणातली रांगोळी काढून झाली की डबा घेऊन तिथे जायच्या आणि त्या फटीभोवती एक जाड पांढरा गोल काढायच्या. ठिपके नाहीत, कमळ नाही. नुसता गोल.

मला ते फार आवडलं. मी तसं म्हटलंही. अक्का मात्र डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "आवडण्यासारखं काही नाही यात. मी यात हात घालायला नको होता."

"का?"

"हा खड्डा माझा नाही. इथून रोज एवढी माणसं जातात, त्यांच्यातल्या कुणावर याची जबाबदारी नाही. कुणी पडलं तर कायदा त्यांना काही विचारणार नाही. पण मी रोज गोल काढते. लोकांना त्याची सवय झाली. उद्या मी काढला नाही आणि कुणी पडलं, तर?"

"म्हणजे जे काहीच करत नाहीत ते सुटले, आणि तुम्ही अडकलात?"

"अडकले की नाही, हाच तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "वर्गात दरवर्षी विचारायची मी हे. निम्मा वर्ग एकीकडे, निम्मा दुसरीकडे."

गल्लीच्या टोकाला एक मृदंगम शिकवणारे गुरुजी राहत. सगळे त्यांना मेष्ट्रू म्हणत, म्हणजे मास्तर. वयाने अक्कांपेक्षा मोठे, उंच, पांढरं धोतर, कपाळावर गंध. रोज सकाळी उजाडलं की ते एकटेच देवळात जात आणि परतताना कोपऱ्यावर उभ्याने कॉफी घेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलत. अक्कांशी त्यांचं बोलणं बेताचंच. त्या रांगोळी काढत असल्या की जाता जाता म्हणत, "नमस्कार, मेडम," आणि गोलाला वळसा घालून पुढे जात.

पावसाळ्याच्या शेवटी अक्का भाचीच्या लग्नाला निपाणीला गेल्या. त्या तिकडे असताना एका रात्री मोठा पाऊस झाला आणि गोल धुऊन गेला. सकाळी मेष्ट्रू त्या फटीत पाय अडकून पडले. उजवा हात टेकला, आणि मनगट मोडलं.

अक्का परतल्या तेव्हा त्यांना कोपऱ्यावरच बातमी कळली. बॅग माझ्याकडे देऊन त्या तशाच दवाखान्यात निघाल्या, म्हणून मीही गेले. मेष्ट्रू खाटेवर बसले होते. हात प्लास्टरमध्ये. अक्कांनी विचारलं, "मेष्ट्रे, रोजचा रस्ता तुमचा. तिथे खड्डा आहे हे तुम्हाला माहीत होतं की."

"माहीत होतं," ते कानडीत म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण पांढरं दिसलं नाही. मला वाटलं, लादी बसवली असेल. म्हणून सरळ गेलो."

रिक्षातून उतरून घराच्या दाराशी आल्यावर अक्का म्हणाल्या, "ऐकलंस? गोल नसता तर तो माणूस रोज चाचपत गेला असता. गोल होता म्हणून तो बिनधास्त गेला."

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट नीट वळेना. डॉक्टर म्हणाले, हाडं आधीच ठिसूळ झाली होती. तरुण माणूस असता तर मुरगळण्यावर भागलं असतं. मी अक्कांना धीर द्यायला म्हटलं, "बघा, त्यांची हाडंच तशी होती. त्याला कोण काय करणार?"

"तसं चालत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला इजा झाली, तो जसा आहे तसाच घ्यावा लागतो. काचेचं भांडं पाडलं आणि मग म्हणायचं, पितळेचं का नव्हतं? नाही गं."

आणि मग त्यांना एका गोष्टीने पछाडलं. मेष्ट्रूंनी दावा लावला पाहिजे. कचेरीवर तर लावलाच पाहिजे, पण दुसरी प्रतिवादी म्हणून स्वतः अक्कांवरही. त्यांनी आपला एक जुना विद्यार्थी, आता चांगला चालणारा वकील, घरी बोलावला. पोहे खाता खाता तो बिचारा घामाघूम झाला. "मॅडम, तुमच्यावरच दावा लावायला तुम्ही मला सांगताय. मी हे करू शकत नाही."

"मग तू माझी बाजू घे. त्यांना दुसरा वकील बघू."

"मॅडम, तुमची बाजू घेतली तर पहिल्या तारखेलाच सुटाल. तुम्ही कुणाला शब्द दिला होता का? पाटी लावली होती का, की रोज गोल काढीन म्हणून? कोर्ट म्हणेल, चांगलं काम करणाऱ्याला शिक्षा केली तर उद्या कुणी चांगलं काम करणार नाही."

"आणि मी म्हणेन, अर्धवट चांगुलपणाने माणूस पडतो, त्याचं काय?"

तो हसला. "मॅडम, वर्गात बसल्यासारखं वाटतंय."

अक्काही हसल्या. मला तेव्हा ते हसणं विचित्र वाटलं नाही. त्यांच्या बोलण्याची मलाही इतकी गोडी लागली होती की ऑफिसातून आल्यावर मी रोज विचारायचे, आज काय ठरलं? जणू कुठे लांबच्या गावात चाललेली केस होती ती.

दुसऱ्या दिवशी अक्का मेष्ट्रूंकडे गेल्या. मी सोबत होते. समोरच्या खोलीत मृदंगम कापडात गुंडाळून कोपऱ्यात उभा होता. त्यांचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहायचा, तोही त्या दिवशी आला होता. दवाखान्याचा खर्च त्यानेच केला होता. अक्कांनी तो देऊ केला तेव्हा त्याने हात जोडून नको म्हटलं होतं.

अक्कांनी मांडणी सुरू केली. कर्तव्य होतं का? ते मोडलं का? मोडल्यामुळेच इजा झाली, की मध्ये दुसरं काही घडलं? पावसाकडे बोट दाखवता येईल का? येईल, पण पावसाळ्यात पाऊस पडतो हे कुणालाही दिसतं. मेष्ट्रूंचा स्वतःचा काही निष्काळजीपणा? मोतीबिंदू असून एकटं बाहेर पडणं? तोही मुद्दा निघेल, त्याचं उत्तर तयार ठेवलं पाहिजे.

"मेडम," मेष्ट्रू म्हणाले, "देवाची इच्छा होती. झालं."

"देवाला प्रतिवादी करता येत नाही, मेष्ट्रे. आणि ही दैवी घटना नव्हे. भूकंप असता तर गोष्ट वेगळी."

मुलगा ओठ दाबून हसला. मेष्ट्रू हसले नाहीत. त्यांनी उजवा हात हळूच उचलून मांडीवर घेतला. बोटं जुळत नव्हती.

"मेडम, तुम्हाला हे कळून घ्यायचंय," ते म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं पोरांना जे विचारलंत त्याचं उत्तर काय, हे एकदा जज्जाकडून ऐकायचंय तुम्हाला. होय ना? माझा हात म्हणजे तुमच्या परीक्षेतला प्रश्न नव्हे."

आवाज चढलेला नव्हता. अक्का उठल्या, चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. माझ्यासाठी थांबल्याही नाहीत.

त्यानंतर कित्येक दिवस अक्कांनी कुणाला काही विचारलं नाही. भाजीवाल्याला नाही, मला नाही. मी जिन्यात बादली ठेवली होती, तिच्यावरूनही बोलल्या नाहीत. नुसती उचलून बाजूला ठेवली. वकील विद्यार्थ्याचा फोन आला तर मला म्हणाल्या, "सांग, काही लावायचं नाही." पांढरा गोल मात्र रोज निघत होता. पाऊस आला की छत्री घेऊन परत जायच्या आणि पुसला असेल तर पुन्हा काढायच्या.

एके सकाळी मी ऑफिसला निघाले होते, तर अक्का जिन्याखाली उभ्या. "स्वल्प येतेस काय माझ्याबरोबर? लांब नाही." कुठे, ते विचारायची गरज नव्हती.

मेष्ट्रू दारातच बसले होते, उन्हाला. आम्हाला बघून उठू लागले. अक्कांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं आणि त्यांच्या समोर उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. आणि म्हणाल्या, "मेष्ट्रे, तप्पु नंदे."

चूक माझीच. तेवढे दोनच शब्द. त्यापुढे 'पण' नाही, 'तरीसुद्धा' नाही, दुसऱ्या बाजूने बघितलं तर नाही.

मेष्ट्रूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, "बसा. कॉफी घ्या."

कॉफी झाल्यावर अक्कांनी विचारलं, "मेष्ट्रे, तुमचं काय काय गेलं? कायद्याचं नाही विचारत. तुम्ही सांगाल ते."

ते म्हणाले, वाजवणं गेलं, पण ते तसंही कमी होत चाललं होतं. शिकवणं गेलेलं नाही. त धि तोम नम तोंडाने सांगता येतं, पोरं हातांनी वाजवतात. बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला होता. "सकाळ गेली," ते म्हणाले. "देवळापर्यंतचा रस्ता. आता पाऊल टाकायची भीती वाटते. मुलगा म्हणतो, घरातच देव आहे. आहे खरा. पण माझी सकाळ रस्त्यावर होती."

दुसऱ्या दिवसापासून अक्का त्यांना न्यायला जाऊ लागल्या. हात धरून नाही. ते दोघांनाही चाललं नसतं. अक्का दोन पावलं पुढे, मेष्ट्रू मागे. अक्का मान न वळवता सांगत जायच्या: पायरी, डावीकडे स्कूटर, ओलं आहे, आता सरळ. लोकांच्या वाईटावर टपलेल्या गोष्टींची जी यादी त्या आयुष्यभर मनात करत आल्या होत्या, ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाची झाली होती. देवळात मेष्ट्रू आत जायचे आणि अक्का बाहेर कट्ट्यावर बसायच्या. देव त्यांना फारसा लागत नसे. परतताना कोपऱ्यावर दोघंही उभ्याने कॉफी घ्यायचे. इडलीवाल्याची चटणी खरंच सुधारली होती, हे मला अक्कांनीच सांगितलं.

काही महिन्यांनी कुणीतरी येऊन ती लादी नीट बसवून गेलं. कुणी पाठवलं, कशामुळे पाठवलं, शेवटपर्यंत कळलं नाही. मी अक्कांना म्हटलं, "चला, सुटलात." त्या म्हणाल्या, "एक लादी बसली. देवळापर्यंत कितीतरी आहेत." आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला निघाल्या.

पुढे माझं ऑफिस बदललं आणि मी के. आर. पुरमकडे राहायला गेले. तरी मेट्रोने अधूनमधून रविवारी सकाळी बसवनगुडीत येते. माझ्या मनातला प्रश्न काही जात नव्हता. एकदा अक्कांना सरळ विचारलं, "कोर्टात गेलं असतं तर काय झालं असतं?"

"सुटले असते," त्या म्हणाल्या. "तो पोरगा म्हणाला तेच खरं. पण सुटणं आणि चूक नसणं या दोन गोष्टी आहेत, हे मी शिकवलंच नाही कधी. अभ्यासक्रमात नव्हतं."

गेल्या वेळी गेले तेव्हा अक्का इडलीच्या दुकानात पैसे द्यायला थांबल्या होत्या, आणि मी नि मेष्ट्रू बाहेर झाडाखाली उभे होतो. त्यांनी शेवटी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. मी माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत विचारलं, "मेष्ट्रे, आता तर तुम्हाला रस्ता दिसतो ना?"

"चांगला दिसतो."

"अक्कांना माहीत आहे?"

"डॉक्टरकडे त्याच घेऊन गेल्या होत्या." ते थोडं हसले. मग दुकानाकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "परवा त्यांनी मला विचारलं. इतक्या दिवसांनी. म्हणाल्या, कायदा सोडा, तुमच्या मनात काय आहे? चूक माझी होती की नव्हती?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, विचार करून सांगतो."

"अजून विचार करताय?"

"विचार दवाखान्यातच झाला होता," मेष्ट्रू म्हणाले. "पण चूक होती म्हटलं, तर त्या म्हणतील, आता तुम्हाला दिसतं, म्हणजे भरपाई फिटली. नव्हती म्हटलं, तर म्हणतील, मग मी कशाला येते? दोन्हीकडून सकाळी मी एकटाच."

अक्का बाहेर आल्या, चप्पल सारखी केली आणि पुढे चालू लागल्या. मेष्ट्रूंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, सांगू नका. मी अजून सांगितलेलं नाही.